उजेड कोणता मोजावा?



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून या व्यासपीठांवर इतिहास, अर्थकारण, समाजसुधारणा असे मोठे विषय होत आले. मी मात्र तळहातावर मावणारे एक यंत्र घेऊन उभा आहे. छायाचित्र काढताना उजेड मोजण्याचे हे यंत्र. त्याला आपण मीटर म्हणू. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा शास्त्रज्ञाचा आव मी आणणार नाही.

कामगार चळवळीतल्या माणसाला मीटर कशाला हवा, असे आपण विचाराल. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांचा फोटो ओळखपत्राला लागतो, अपघात झाला तर भरपाईच्या अर्जाला लागतो. पुष्कळ फोटोंत पागोटे लख्ख दिसते, धोतर लख्ख दिसते आणि चेहऱ्याच्या जागी काळा डाग असतो. ज्या कागदाने माणूस ओळखायचा, त्यावर माणूसच नाही! सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ती चित्रे पाहिली म्हणजे कामगाराचा चेहरा नीट दिसण्यात काय सामर्थ्य आहे ते कळते.

चेहरा काळा का पडतो? उजेड मोजण्याच्या दोन रीती आहेत. वस्तूवरून परत येणारा उजेड मोजायचा, ही एक. कॅमेऱ्यातला मीटर हेच करतो, मोबाइलही हेच करतो. पण यंत्राला धोतर आणि जमीन यांतला फरक ठाऊक नसतो. समोरची वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे, पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारी आहे, असे ते ढोबळमानाने धरून चालते. पांढरे धोतर मात्र ८० टक्क्यांच्या आसपास परत पाठवते. यंत्राला वाटते, ऊन फार आहे. ते उजेड कमी करावयास सांगते आणि चेहऱ्याला हवा त्याच्या जेमतेम चौथाई उजेड मिळतो. छायाचित्रकारांच्या भाषेत दोन स्टॉप कमी. आपल्या काळ्या रानात चौकटभर माती आली की उलटे होते. चेहरा पांढराफटक पडतो.

दुसरी रीत, माणसावर पडणारा उजेड मोजण्याची. अशा मीटरवर एक पांढरी घुमटी असते. मीटर माणसाच्या चेहऱ्याजवळ धरायचा आणि घुमटीचे तोंड कॅमेऱ्याकडे करायचे. मग धोतर पांढरे की जमीन काळी, हा प्रश्नच उरत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. चेहरा पागोट्याच्या सावलीत असेल तर घुमटीही त्याच सावलीत धरावी. ऊन आणि सावली यांत तीन स्टॉपांचा, म्हणजे आठपटीचा फरक सहज असतो.

आता निवड. फडात, कोप्यांवर, मोर्चात माणसांचे फोटो काढायचे असतील तर घुमटीचा साधा मीटर घ्यावा. स्टुडिओत फ्लॅशचे दिवे असतील तर फ्लॅश मोजणाराच घ्यावा. क्षणात चमकून जाणारा उजेड साध्या मीटरला सापडत नाही. दूरच्या वस्तूचा एवढासा तुकडा मोजणारा स्पॉट मीटर महाग असतो. डोंगर, देवळे टिपणाऱ्याला तो उपयोगी; आपले काम त्यावाचून अडत नाही.

जुना मीटर स्वस्त मिळतो, पण पारखून घ्यावा. वेस्टन कंपनीने १९३२ साली विजेच्या घटावर चालणारा छायाचित्रणाचा मीटर बाजारात आणला. त्यात सेलेनियम होते. त्याला बॅटरी लागत नाही, ही मोठी सोय. पण घट वयाने थकतो आणि अंधुक उजेडात सुई हलत नाही. नंतर कॅडमियम सल्फाइडचे मीटर आले. ते मंद उजेडातही चालतात, पण गोसेनच्या लुनासिक्ससारख्या जुन्या यंत्रांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागे. पारा विषारी म्हणून ती बंद झाली. तिच्या जागी दीड व्होल्टची घातली तर आकडा चुकू शकतो. सिलिकॉनचे मीटर चपळ आणि भरवशाचे.

दुकानातच परीक्षा करावी. घट तळहाताने झाकला की सुई शून्यावर आली पाहिजे. बॅटरीच्या खणात हिरवी बुरशी नसावी. मग भर दुपारी स्वच्छ उन्हात यावे. फिल्मची संवेदनशीलता १०० आणि शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग धरला, तर घुमटीच्या मीटरने एफ १६ च्या आसपासचे छिद्र दाखवले पाहिजे. फार अंतर पडले तर ते यंत्र परत ठेवावे.

कोणी म्हणेल, ही चैन गरिबाला कशी परवडावी? प्रश्न रास्त आहे. डिजिटल कॅमेरा असेल आणि फ्लॅश नसेल, तर मीटरवाचूनही भागते. माणसाच्या जागी, त्याच उजेडात आपला तळहात धरावा, कॅमेऱ्याने तेवढाच मोजावा आणि साधारण एक स्टॉप उजेड वाढवावा. आपल्या तळहाताचा नेमका हिशेब एकदा ताडून ठेवावा. परंतु गावोगाव शेकडो ओळखपत्रांचे फोटो काढणाऱ्या संघटनेने एक चांगला मीटर वर्गणीतून जरूर घ्यावा.

यंत्राच्या निमित्ताने एवढेच सांगतो. माणसाने परत किती दिले यावरून त्याचे माप घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. मुकादमाची वही तशीच लिहिलेली असते. त्याच्या वाट्याला आले किती, हे आधी मोजावे. फोटो त्यानेच नीट येतो.