'गो'चं 'वेंट' आणि 'कर'चं 'केलं'



'गो-वेंट-गॉन' आम्ही पाढ्यांसारखं घोकलं. 'गो'चं 'वेंट' का होतं, हे कुणी विचारलं नाही. 'वेंट' हे मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं रूप. 'सेंड'चं 'सेंट', तसं 'वेंड'चं 'वेंट'. 'गो'चा जुना भूतकाळ मागे पडला आणि त्याच्या जागी हे येऊन बसलं. आपलंही तसंच आहे. 'जा' आलं संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आलं 'गत'वरून.

नियमित क्रियापदांना 'ईडी' लावायचं, एवढं सगळ्यांना येतं. पण उच्चारात आपण अडतो. आता गळ्यावर बोटं ठेवा आणि लांब 'स्स्स्' म्हणा. मग 'झ्झ्झ्'. दुसऱ्या वेळी गळा थरथरला ना? क्रियापदाच्या शेवटच्या ध्वनीला गळा थरथरला तर 'ड', नाही तर 'ट'. म्हणून 'प्लेड', पण 'वॉक्ट'. शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर 'इड' : 'वाँटिड'. आपण स्पेलिंग बघून 'वॉक्ड' म्हणतो, तिथे चुकतो.

नकारात तर मराठी आपल्याला हमखास फसवते. 'गेलो नाही' म्हणताना 'गेलो' तसंच राहतं, म्हणून तोंडून 'डिडन्ट वेंट' निघतं. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'ने एकदा दाखवला की क्रियापद मूळ रूपात येतं : 'डिडन्ट गो'.

इथे परदेशात, इंग्रजीतच वाढणाऱ्या मुलांना हे नियम कुणी शिकवत नाही. जीन बर्को या अमेरिकी संशोधिकेने चार ते सात वर्षांच्या मुलांना चित्रं दाखवून बनावट क्रियापदं दिली. तो अभ्यास १९५८ साली छापून आला. 'हा माणूस रिक करतो, काल त्याने काय केलं?' मुलं म्हणाली, 'रिक्ट'. हा शब्द त्यांनी आधी कधी ऐकलेलाच नव्हता!

म्हणून तुमचं लेकरू 'गो'ला 'ईडी' लावतं किंवा 'आई, मी होमवर्क करलं' म्हणतं, तेव्हा हसू नका. 'धर'चं धरलं, 'भर'चं भरलं, मग 'कर'चं करलं. नियम त्याला बरोबर सापडलाय. फक्त अपवाद कानावरून गेलेला नाही, आणि इथे मराठी कानावर पडणार ती तुमच्याच तोंडून. 'हो का? काय काय केलंस?' असं विचारा आणि त्याला बोलू द्या.