पेटी पोचली म्हणजे विक्री संपली नाही : आंबावाल्यांसाठी सीआरएम

आजचा विषय सीआरएम. लांबलचक नाव कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट, पण आपण त्याला गिऱ्हाइकांची वही म्हणू. फक्त ही वही मोबाइलमध्ये असते, तिच्यात शोधता येतं आणि ती वेळेवर आठवण करून देते.

या विषयावरचे बहुतेक व्हिडिओ तुम्ही बघितले असतील तर त्यात एक सेल्स टीम असते, एक मॅनेजर असतो, भिंतीवर मोठा डॅशबोर्ड असतो. आपल्याकडे पावसला टीम म्हणजे बाबा, आई, सुट्टी टाकून आलेला भाऊ आणि मोसमापुरते गडी. म्हणून आज उदाहरण हापूसचंच घेतो. तुमचं होमस्टे असेल, कोकम-फणसपोळीचं दुकान असेल, तरी यातलं बरंच लागू पडेल.

आधी हे बघू, की याची गरज का पडली. वाशीला पेटी पाठवली की दर तिथे ठरतो. मागाहून पट्टी येते, त्यात भाडं, हमाली वगैरे वजा होऊन जे उरेल ते आपलं. खाणारा माणूस कोण, त्याला फळ आवडलं का, याचा पत्ताच नाही. थेट घरी विकायला लागलो की दर आपण सांगतो, हे खरं. पण मग लक्षात ठेवायची जबाबदारीसुद्धा आपल्यावर येते. आणि ते सगळं सध्या कुठे आहे? बाबांच्या फोनमध्ये. 'ठाणे पेटी', 'आंबा काकू पुणे', 'काकू पुणे नवीन', अशा नावांनी. तो फोन पाण्यात पडला की सगळा धंदा पाण्यात. हे हसण्यावारी नेऊ नका. कलमं जितकी वर्षं जपली तितकीच वर्षं ही माणसं जोडलेली असतात, आणि त्यांची नोंद मात्र एका जुन्या हँडसेटमध्ये.

म्हणून पहिलं काम ॲप घ्यायचं नाही. पहिलं काम म्हणजे कॉन्टॅक्ट फोनमध्ये किंवा सिमवर सेव्ह आहेत की गुगल अकाउंटवर, ते बघायचं. सगळे गुगलवर आणा. तिथे डुप्लिकेट जोडायची सोय आहे, ती वापरा. मग यादी एक्सपोर्ट करून गुगल शीटमध्ये टाका. एक नियम कडक पाळा. ओळख नावावरून नाही, मोबाइल नंबरावरून. नंबर सगळीकडे एकाच पद्धतीने, १० आकडी. नाहीतर एकच काकू तीनदा येतात आणि तीनदा मेसेज गेला की वैतागतात.

शीटमध्ये रकाने किती? मोजकेच. नाव, नंबर, पत्ता आणि पिनकोड, किती डझन घेतात, केवढं फळ आवडतं, कधी लागतं, शेवटची ऑर्डर, तक्रार, आणि आपल्याकडे कुठून आले. 'कधी लागतं' हा रकाना सोन्यासारखा आहे. कुणाला अक्षय्य तृतीयेलाच हवा असतो, कुणाची नातवंडं मे महिन्यात येतात, कुणी दर उतरायची वाट बघतं. आणि 'कुठून आले' हासुद्धा ठेवाच. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधी मंदिरात वर्षभर माणसं येतात. दर्शनाला आलेला माणूस आणि इन्स्टाग्रामवर रील बघून आलेला माणूस, दोघांशी बोलायची रीत वेगळी. वाढदिवसाचा रकाना मात्र माझ्या मते काढून टाका. आंबेवाल्याकडून वाढदिवसाचा मेसेज कुणालाच नको असतो.

आता मुख्य गोष्ट, आणि इथे तयार सॉफ्टवेअर आपल्याला थोडं चुकीचं शिकवतं. कुठलंही सीआरएम उघडा, त्यात पाइपलाइन असते. म्हणजे ऑर्डरचे टप्पे. चौकशी आली, दर सांगितला, पैसे आले, डील 'वन'. टाळ्या. कार्ड हिरवं झालं, संपलं. पण हापूस काही चार्जर नाही! तो आपण कच्चा तयार पाठवतो, तो गिऱ्हाइकाच्या घरी पिकतो. पैसे आले त्या दिवशी आपली विक्री अर्धीच झालेली असते. साका निघाला तर तो फळ कापल्यावरच कळतो, बाहेरून दिसत नाही. म्हणजे आपल्या मालाचा निकाल लागतो पेटी पोचल्यावर काही दिवसांनी, आणि नेमक्या त्या दिवशी आपण गप्प असतो.

म्हणून टप्पे आपले आपण बदला. सीआरएममध्ये ते बदलता येतात. चौकशी, आगाऊ रक्कम आली, पेटी भरली, गाडीत दिली, पोचली आणि मग शेवटचा टप्पा, 'पिकला का विचारलं'. पोचल्याची तारीख टाकली की पाच-सहा दिवसांनी आपोआप रिमाइंडर यायला हवा. त्या दिवशी फोन किंवा साधा मेसेज. "काकू, आंबे तयार झाले का? गवतातून काढून हवेशीर ठेवलेत ना? काही खराब निघालं तर फोटो पाठवा." बस. यात विकायचं काही नाही.

याला जोडून एक काम बागेतलं. पेटीवर तोडणीची तारीख आणि बागेचा नंबर मार्करने लिहा, आणि तोच शीटमध्ये टाका. समजा तीन घरांतून साक्याचे फोटो आले आणि तिन्ही पेट्या एकाच बागेच्या, एकाच दिवशीच्या तोडीच्या निघाल्या. मग ती नुसती तक्रार राहत नाही, तो बाबांसाठी निरोप असतो. कोकण कृषी विद्यापीठ सांगतं तसं चौदा आणे तयार फळ काढलं होतं, की घाईत जास्त तयार झालेलं आणि उन्हात तापलेलं गेलं? सीआरएमचा उपयोग गिऱ्हाईक पटवायला होतो असं सगळे म्हणतात. मला त्याचा हा उपयोग जास्त मोलाचा वाटतो, की गिऱ्हाइकाच्या ताटातली गोष्ट झाडापर्यंत परत येते.

बरं, साधन कोणतं? पन्नास-शंभर घरं असतील तर शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरेसं आहे. हे ॲप २०१८ पासून आहे आणि फुकट आहे, तरी निम्मी माणसं ते साध्या व्हॉट्सअ‍ॅपसारखंच वापरतात. त्यात लेबलं आहेत, तिथे आपले टप्पे टाका. क्विक रिप्लाय आहेत. स्लॅश आणि 'दर' टाइप केलं की पूर्ण दरपत्रक येतं. आंब्याचा दर सारखा बदलतो, म्हणून तो मेसेज रोज सकाळी एकदा तपासायचा. कॅटलॉगमध्ये फोटो आपल्याच बागेचे टाका. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुमची वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली असेल तर ती तिथे दिसू द्या. बाहेरचा आंबा रत्नागिरीच्या नावावर विकला जातो, ही धास्ती गिऱ्हाइकाच्या मनात असतेच.

ब्रॉडकास्टचं नीट ऐका. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून पेटीत एक चिठ्ठी टाका, 'आमचा नंबर सेव्ह करा'. आणि अख्ख्या यादीला रोज 'शुभ सकाळ' अजिबात नको. लोक ब्लॉक आणि रिपोर्ट करतात, तसं वाढलं तर नंबरच बंद होऊ शकतो, तोही ऐन एप्रिलात.

यादी वाढली, घरातले तिघं-चौघं ऑर्डर घ्यायला लागले, की खरं सीआरएम घ्या. छोट्या धंद्यासाठी झोहोचं बिगिन बघा. एका माणसासाठी फुकट प्लॅन आहे, नोंदींना मर्यादा आहे. झोहो सीआरएम तीन जणांपर्यंत फुकट आहे. कंपनी तमिळनाडूतली, तेनकाशीजवळच्या खेड्यातही तिचं ऑफिस आहे, म्हणून मला जरा जास्तच आपुलकी, हे मान्य. सीआरएमला व्हॉट्सअ‍ॅप जोडायचं तर एपीआय लागतो आणि तिथे पैसे पडतात. जुलै २०२५ पासून टेम्प्लेट मेसेजला मेसेजमागे आकारणी आहे. गिऱ्हाइकाने लिहिल्यावर २४ तासांच्या आत दिलेल्या साध्या उत्तराला मात्र पैसे नाहीत. तेव्हा गिऱ्हाइकाने आधी लिहावं अशी व्यवस्था करा, पेटीवर क्यूआर लावा. नवी सोय म्हणजे ॲप आणि एपीआय आता एकाच नंबरावर चालू शकतात. तुम्ही ज्यांच्याकडून घेताय त्यांच्याकडे ती आहे का, हे आधी विचारा. बाबांचा नंबर ॲपमधून उडाला तर घरात महाभारत.

एआयबद्दल सगळे विचारतात. नव्या सीआरएममध्ये एआय उत्तर लिहून देतो, मोठं बोलणं चार ओळींत आणतो. मसुदा लिहू दे, पण पाठवायचं बटण आपल्या हातात ठेवा. पाऊस पडला, तोड थांबली, हे त्याला माहीत नसतं आणि तो खुशाल 'उद्या पेटी निघेल' सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा रोजच्या कामाची गोष्ट म्हणजे जीबोर्डवरचं मराठी व्हॉइस टायपिंग. बाबांना टाइप करायचा कंटाळा असतो, बोलायचा नसतो. फोन ठेवल्या ठेवल्या नोंदीच्या रकान्यात बोलून टाकायला सांगा. "यंदा दोनच डझन, मुलगी परदेशात गेली." पुढच्या वर्षी त्या काकूंना पाच डझनाचा आग्रह करण्याआधी मुलगी कशी आहे ते विचाराल.

ही यादी म्हणजे लोकांच्या घरांचे पत्ते आहेत, हेही बोलायला हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. आपल्यापुरता अर्थ सोपा. नंबर कशासाठी घेतो ते सांगा, 'नको' म्हणाले तर काढून टाका, आणि यादी कुणाला देऊ नका. कुणी म्हणेल, 'तुमची यादी द्या, आम्ही ऑर्डर आणतो.' एकदा दिलीत की पुढच्या मोसमात ती माणसं त्याची गिऱ्हाइकं असतील, आणि तुम्ही पुन्हा पट्टीची वाट बघत बसाल. कोणतंही सॉफ्टवेअर घेताना यादी पूर्ण एक्सपोर्ट होते का, हे पहिल्याच दिवशी करून बघा.

सुरुवात मोहोराच्या दिवसांत करा, डिसेंबर-जानेवारीत. एप्रिलमध्ये कुणालाही शीट उघडायला वेळ नसतो. आणि आज रात्री एवढंच करा. जेवणं झाली की बाबांच्या शेजारी बसा, त्यांच्या फोनमध्ये 'आंबा' आणि 'पेटी' सर्च करा, आणि एकेका नावापुढे ते काय सांगतात ते लिहून घ्या. दोन-तीन रात्री लागतील. चहा ठेवा.

पुढच्या भागात आगाऊ रक्कम आणि यूपीआयचा हिशेब. भेटू.