भरतीची पोरं आणि सक्तीचा कायदा

जर्मनीत २०११ साली थांबवलेली सक्तीची लष्करी सेवा पुन्हा येणार, या शंकेनं तिथली शाळकरी मुलंही रस्त्यावर उतरली. आपल्या नांदेड-लातुरात चित्र उलटं. इथं पहाटे रस्त्यानं सैन्यभरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. सोळाशे मीटर धावण्याचं गणित त्यांना तोंडपाठ. १४ जून २०२२ ला सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली आणि देशात अनेक ठिकाणी आंदोलनं पेटली. राग सक्तीवर नव्हताच. चारच वर्षांची नोकरी आणि त्यातले फार तर २५ टक्के कायम, हे तरुणांना पटेना.

तशी सक्तीची वाट आपल्याकडेही आहे बरं का. संविधानाचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं, पण सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याची मुभा सरकारला देतं. १९७२ चा राष्ट्रीय सेवा कायदा झाला तो तिशीच्या आतल्या इंजिनिअर आणि डॉक्टरांना चार वर्षांपर्यंत बोलावता यावं म्हणून. म्हणजे पहिली हाक कुणाला? लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांतून डॉक्टर झालेल्यांना! त्या वर्गांत हे बहुधा कुणी सांगत नसावं.