विनंतीपासून हक्कापर्यंत

(विहारात जमलेल्या उपासक-उपासिकांपुढे दिलेले भाषण)



अर्ज ही आपल्या समाजाला नवी वस्तू नाही. ‘मायबाप सरकार’ अशी सुरुवात आणि ‘आपला ताबेदार’ असा शेवट, या भाषेत आपल्या वाडवडिलांनी अर्ज लिहवून घेतले. परंतु ज्या ब्रिटिश पार्लमेंटच्या अधिकाराखाली हे सरकार चालत असे, त्याच पार्लमेंटच्या दारात खुद्द तेथील मजुरांनाही एकोणिसाव्या शतकात असेच हात जोडून उभे राहावे लागले होते. त्यांना काय मिळाले व काय नाकारले गेले, हे आज आपण पाहू.

इंग्लंडमध्ये राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेचा हक्क १६८९ च्या कायद्याने मान्य झाला. पार्लमेंटकडेही अर्ज जात. त्यांचे नियम ठरलेले होते. अर्ज हस्तलिखित असावा, भाषा आदराची असावी, शेवटी स्पष्ट विनंती असावी आणि तो सभासदानेच सादर करावा. विनंती नसलेले, केवळ निषेधाचे पत्र अर्ज म्हणून स्वीकारले जात नसे. ज्याला मत नव्हते त्याला मागता येई. मात्र मागताना मान वाकवावीच लागे.

गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत या साधनाची शक्ती दिसून आली. १७९२ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ५१९ अर्ज आले. १८३३ साली गुलामगिरीच बंद करावी म्हणून ५,००० हून अधिक अर्ज आले. त्यांतील एकावर १,८७,००० स्त्रियांच्या सह्या होत्या. त्याच वर्षी कायदा झाला. पण हे केवळ अर्जांचे फळ नव्हे. १८३१ च्या अखेरीस जमैकातील गुलाम स्वतःच बंड करून उठले होते, आणि १८३२ च्या सुधारणा कायद्याने पार्लमेंटची घडण बदलली होती. शिवाय न्यायाचा तराजू पाहा. मालकांना २ कोटी पौंड भरपाई मिळाली. गुलामांना एक पैही नाही. उलट ‘उमेदवार’ या नावाखाली त्यांतील बहुतेकांना १८३८ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबावे लागले.

१८३२ च्या कायद्याने मध्यमवर्गाला मत मिळाले; मजूर बाहेरच राहिला. म्हणून १८३८ साली ‘लोकांची सनद’ प्रसिद्ध झाली. सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, समान मतदारसंघ, सभासदांना वेतन, सभासदत्वासाठी असलेली मालमत्तेची अट रद्द आणि दरवर्षी निवडणूक, अशा तिच्या सहा मागण्या होत्या. १८३९ साली १२,८०,००० सह्यांचा अर्ज गेला. तो ४६ विरुद्ध २३५ मतांनी फेटाळला गेला. १८४२ साली ३३ लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज मिरवणुकीने आणला. तो एवढा प्रचंड होता की दारातून जाईना. अखेर सुटा करून आत न्यावा लागला. तरी निकाल ४९ विरुद्ध २८७! हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा करणारे मेकॉले त्या वेळी विरोधात बोलले. सर्वांना मत दिल्यास मालमत्ता सुरक्षित राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सही करणारे तेहतीस लाख, आणि निर्णय करणारे तीनशे छत्तीस!

पूर्वी अर्ज सादर करताना सभासद भाषण करून चर्चा घडवून आणीत. अर्जांचा पूर वाढू लागला. १८४३ साली त्यांची संख्या ३३,००० च्या वर गेली. सभागृहाच्या इतर कामाला वेळ उरत नाही, या कारणास्तव १८४२ पर्यंत ही चर्चा नियमांनी जवळजवळ बंद करण्यात आली. अर्ज घ्यावा आणि समितीकडे धाडावा, एवढेच उरले.

१८४८ च्या तिसऱ्या अर्जावर ५७ लाख सह्या असल्याचे पुढारी फर्गस ओकॉनर यांनी सांगितले. सभागृहाच्या कारकुनांनी १९,७५,४९६ मोजल्या, आणि त्यांत राणी व्हिक्टोरिया व ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची खोटी नावे सापडली. वीस लाखांच्या आसपास सह्या ही लहान गोष्ट नव्हे. परंतु खोट्या नावांमुळे लाखो खऱ्या माणसांचे हसे झाले. असत्य न बोलण्याचे चौथे शील आपण ग्रहण करतो. ते सहीच्या कागदावरही पाळावयाचे असते.

त्याच वर्षी लंडनमधील सनदवाल्यांचा एक पुढारी विल्यम कफे यास जन्मठेप देऊन टास्मानियास पाठविण्यात आले. तो काळ्या वर्णाचा शिंपी होता. त्याचा बाप गुलामीत जन्मलेला. १८५६ साली माफी मिळाली, तरी तो तेथेच राहिला आणि मजुरांच्या हक्कांसाठी झटत राहिला.

सनद मेली, असे राज्यकर्त्यांना वाटले. परंतु मालमत्तेची अट १८५८ साली गेली. गुप्त मतदान १८७२ साली आले. मतदारसंघ १८८५ साली बरेचसे समान झाले. सभासदांना १९११ साली वेतन मिळाले. आणि १९१८ साली जवळजवळ सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले. सहांपैकी पाच मागण्या मान्य झाल्या. स्त्रियांचा मताधिकाराचा अर्ज जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६६ साली सादर केला. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळण्यास १९२८ साल उजाडले.

आपलाही मार्ग असाच झाला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. १९२८ साली बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला, आणि १९५० च्या संविधानाने तो सर्वांना दिला. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना नाकारण्यात आल्या. त्यांसाठी अर्ज झाले, सत्याग्रह झाले, मतपेटीतून दबाव आला. तेव्हा १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली. चौतीस वर्षे लागली!

म्हणून अर्ज अवश्य करा. संविधानाच्या ३५० व्या कलमाने केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. सही खरी करा, पोच घ्या, प्रत जपून ठेवा. पण अर्ज देऊन घरी स्वस्थ बसू नका. संघटना आणि मत यांवाचून अर्ज हा केवळ कागद आहे. आणि शेवटी सही करताना ‘ताबेदार’ लिहू नका. ‘नागरिक’ लिहा.

जय भीम!