बाळाचा पहिला प्रवास: घडीचा बेड घेताना

बाळंतपण माहेरी झालं, आता तीन महिन्यांचं बाळ घेऊन सासरी निघायचंय. मग मोबाइलवर शोध सुरू होतो, घडी होणारा बेबी बेड. रंग आणि कार्टून नंतर बघा. आधी या चार गोष्टी.

पहिली, तळ. सपाट आणि घट्ट हवा. हाताने दाबल्यावर खड्डा पडला, तर तो नको. मऊ गादीत बाळाचं तोंड रुतलं तर श्वास कोंडतो. डोक्याकडे उंच असलेला बेडही नको. मान पुढे झुकते, श्वासाची वाट दबते. अमेरिकेत तर 2022 पासून 10 अंशांहून जास्त उताराचे असे बेड विकायलाच बंदी आहे.

दुसरी, बाजू. जाळीच्या हव्यात. सोबत आलेली उशी, लोड काढून टाका. आजी मोहरीची उशी देईल. प्रेमाने घ्या, पण बाळ झोपलं की बेडमध्ये नको. बाळाला पाठीवरच झोपवा.

तिसरी, मुदत. वजनाची मर्यादा लेबलवर वाचा. आणि बाळ पालथं पडायला लागलं, की उथळ कडांचा बेड बंद.

चौथी, जागा. बेड जमिनीवरच ठेवा. पलंगावर, टेबलावर नाही. चालत्या गाडीत तर अजिबात नाही. तिथे कार सीटच, मागच्या सीटवर, बाळाचं तोंड मागे.

निघायच्या आधी दोन-तीन दिवस घरीच त्यात झोपवून बघा. बाळालाही सवय होईल, तुम्हालाही घडी उघडता येईल. चला, भेटू पुढच्या भागात!