पिकअप की बोलेरो? आधी वही उघडू

मैत्रिणींनो, सध्या आपल्या भागात ग्रामसंघाची बैठक बसली की एक विषय हमखास निघतो, तो गाडीचा. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात न्यायचा तर दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघायची. टेम्पो आला नाही तर माल शेतातच लाल होतो. म्हणून बायका म्हणतात, कर्ज काढू आणि आपलीच गाडी घेऊ. मग पुढचा प्रश्न येतो: पिकअप घ्यायची की सात माणसं बसतात ती बोलेरो? आज त्याचाच हिशेब आपण मांडू.

दोन्ही गाड्या डिझेलवर चालतात. दोन्हींचं नाव बोलेरो आणि तोंडवळाही सारखा, म्हणून आपल्याला त्या बहिणी-बहिणी वाटतात. पण कामं वेगळी आहेत. सात आसनी बोलेरोचं इंजिन दीड लिटरचं आणि लांबी चार मीटरच्या आत. ती माणसांसाठी बनवली आहे. बोलेरो पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं. ती १.३ टन आणि १.७ टन अशा वजनाच्या प्रकारांत मिळते. तिचे मागचे पाटे जड मालासाठी असतात. माल भरला की गाडी दबून नीट चालते, रिकामी असली की खड्ड्यात उडते.

शोरूममध्ये पहिला प्रश्न आपण विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" तिथेच आपला हिशेब चुकू शकतो. समजा बाजार जाऊन-येऊन ४० किलोमीटर आहे आणि डिझेल ९० रुपये लिटर. पिकअपने लिटरला १२ किलोमीटर दिले तर फेरीला ३०० रुपये लागले. बोलेरोने १५ दिले तर २४० रुपये. बोलेरो स्वस्त वाटली ना? आता क्रेट मोजू. टोमॅटोचा क्रेट २० किलोंचा. १.३ टनाच्या पिकअपमध्ये ५० क्रेट आरामात जातात, म्हणजे क्रेटमागे डिझेल ६ रुपये. बोलेरोच्या मागच्या सीटा दुमडून समजा १० क्रेट बसवले, तर क्रेटमागे २४ रुपये. मालासाठी गाडी घ्यायची असेल तर खर्च किलोमीटरवर नाही, क्रेटवर मोजायचा.

पण म्हणून लगेच पिकअप घ्या, असं आम्ही म्हणत नाही. गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. समजा हप्ता १८ हजार रुपये आहे आणि फेरीला ड्रायव्हरचे ५०० रुपये. महिन्यात २० फेऱ्या झाल्या तर हप्ता, ड्रायव्हर आणि डिझेल मिळून क्रेटमागे ३४ रुपये पडतात. फेऱ्या ८ च झाल्या तर तोच खर्च ६१ रुपयांवर जातो. विमा, टायर, दुरुस्ती अजून धरलेली नाही. भाड्याचा टेम्पो याहून कमी घेत असेल तर तोच परवडला. टोमॅटोचा हंगाम संपल्यावर कांदा, चारा, खत, शेजारच्या गटाचा माल मिळणार का, हे कर्जाच्या अर्जाआधी विचारायचं.

कागदांचंही बघू. मालाची गाडी पिवळ्या नंबर प्लेटची असते आणि तिला ठरावीक मुदतीने फिटनेस करून घ्यावं लागतं. बोलेरो पांढऱ्या प्लेटची घेऊन भाड्याने फिरवता येत नाही, त्यासाठी तिचीही नोंदणी प्रवासी वाहतुकीची हवी. जीएसटीमुळे फरक पडेल म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्केच आहे. आणि आरसीवर नाव कुणाचं, हे आधी ठरवा. हप्ते गट भरणार आणि गाडी कुणा एकीच्या मालकाच्या नावावर, असं होऊ देऊ नका. ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ नोंदणीकृत असेल तर त्याच्या नावावर घेता येईल का, ते बँकेत आणि आरटीओत विचारा.

एक चांगली गोष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याला साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते. म्हणजे आपल्यातली जी ताई कार चालवते, ती परवान्याच्या दृष्टीने पिकअपही चालवू शकते. ड्रायव्हरचा पगार गटातच राहील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिकअप आली की जत्रा, लग्न, खुरपणीची मजुरी, सगळीकडे बायका हौद्यात उभ्या राहून जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये, श्रावणी सोमवारी, शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांची पिकअप घाटात कोसळली. कितीतरी जणी घरी परतल्या नाहीत. हौद्याला सीट नाही, पट्टा नाही, धरायला काही नाही. मालाच्या गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मालाबरोबर जाणारी मालकीण किंवा तिची माणसं केबिनमध्ये बसू शकतात, तेही आरसीत लिहिलेल्या आसनांपुरतीच. माणसांसाठी एसटी आहे, मार्च २०२३ पासून आपल्याला तिकीट अर्धंच आहे. बाळंतीण न्यायची तर १०२ किंवा १०८ ला फोन करा.

तेव्हा गटाने गाडी घेतलीच, तर पहिल्याच ठरावात लिहा: हौद्यात माणूस बसणार नाही, सरपंच म्हणाले तरी नाही, जावई म्हणाले तरी नाही.

या आठवड्यापासून प्रत्येक गटाने वहीचं एक पान आखायचं. तारीख, कुठला माल, किती क्रेट, कुठे नेला, भाडं किती दिलं. दोन महिने लिहा. पानावर माल जास्त दिसला तर पिकअप, रोजची माणसं जास्त दिसली तर प्रवासी नोंदणीची बोलेरो, आणि पान रिकामं राहिलं तर सध्या भाड्याचीच गाडी. पुढच्या महिन्याच्या बैठकीला ती वही घेऊन या, तिथे बसून बेरीज करू.