गव्हाण ओढणारे दाते

साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊस आत नेणाऱ्या गव्हाणीत मोळी टाकल्याचे फोटो पेपरात येतात. त्यात पाहुणे दिसतात, हार दिसतात. गव्हाण ओढणारी चेन काही दिसत नाही. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यावर किंवा माळेगावला ऊस घालायला गेलात, तर ती जरूर बघा. जाड साखळ्यांवर लोखंडी पट्ट्या आणि टोकाच्या शाफ्टवर त्यांना ओढणारं दातेरी चाक. हेच स्प्रॉकेट.

इथं साधा पट्टा का नाही चालत? उसाचा भार पडला की पुलीवरचा पट्टा घसरतो. चेन दात्यांच्या खाचांतच बसलेली, ती घसरणार कुठं? अट एकच, चेनचं आणि दात्यांचं अंतर जुळलं पाहिजे. सायकलच्या चेनचं ते अर्धा इंच असतं. रोलर असलेली ही चेन हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला काढली.

आता हिशेब. सायकलला पुढं 44 आणि मागं 18 दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. वेग मिळतो, जोर कमी होतो. गव्हाणीला उलटं हवं. मोटर मिनिटाला 1440 फेरे घेणारी. गिअरबॉक्स आणि छोट्या-मोठ्या स्प्रॉकेटची जोडी तो वेग उतरवते आणि जोर वाढवते.

म्हणून छोटं स्प्रॉकेट फारच छोटं घ्यावं का? नको. चेन त्यावरून गोल वळत नाही, कोनाकोनानं वळते आणि हिसके देते. 11 दात्यांवर वेग चार टक्क्यांनी कमी-जास्त होतो, 19 वर दीड टक्क्याहून कमी. गव्हाणीची चाल संथ, तिथं कमी दाते खपून जातात.

खरी गफलत होते चेन बदलताना. पिना आणि बुश झिजून चेन लांबते. सायकलची चेन ताणून धरा, एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. सूतभर जास्त भरली, तर चेन गेली. लांबलेली चेन दात्यांवर वर चढते आणि त्यांना आकड्यासारखं वाकडं झिजवते. त्या वाकड्या दात्यांवर नवी चेन चढवली की तीही लवकर जाते. बाइकवाले हेच करतात आणि वर चेनच्या कंपनीला शिव्या घालतात! दाते वाकडे दिसले, तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकदमच बदला. छोट्या स्प्रॉकेटचे दाते शक्यतो विषम घ्या. चेनच्या कड्या सम असतात, त्यामुळं तीच कडी दर फेऱ्याला त्याच दात्यावर येत नाही आणि झीज वाटली जाते.